भागीबाईने सांगितलेल्या तारखा

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. देवळाली कॅम्पातल्या निसारभाईंच्या टायपिंगच्या दुकानात, टेबलाच्या खालच्या खणात, फडक्यात गुंडाळून पडले आहे. संगणकाने जे लक्षात ठेवायचं ते माझ्यावर ठेवायचं, हे माझं काम. कधीकाळी ते मी चोख करत असे.

१९९८ साली मी या दुकानात आले. लग्नपत्रिका, अर्ज, फौजींच्या बायकांची प्रतिज्ञापत्रं, सगळं मी सांभाळलं. "आपलं मशीन काही विसरत नाही," असं निसारभाई गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत आणि मी आत फुलून जाई.

मग मोहिनीताई येऊ लागल्या. त्यांचं माहेर कॅम्पातलं, नोकरी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत. तिथे मुलांचे जन्म कुणी लिहून ठेवत नसे. मूल शाळेत आलं की त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानाला लावायला सांगायचं. हात पोचला की सहा वर्षं पूर्ण, तारीख एक जून. अख्ख्या पाड्याचा वाढदिवस एकाच दिवशी! ताईंना हे फार डाचत असे.

खऱ्या तारखा एकीलाच ठाऊक होत्या, पाड्यावरच्या सुईणीला, भागीबाईला. २००१ च्या डिसेंबरात ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ताईंच्या माहेरी उतरली आणि डोळ्यावर हिरवी पट्टी लावून रोज दुपारी दुकानात बसू लागली.

"सरिता झाली तवा नागली कापत व्हते. दुसरे दिशी दिवाळीचा बाजार," ती सांगे. ताई जुनी कॅलेंडरं उलटून तारीख काढत आणि निसारभाई टाइप करत. घरामागून घर असं करत एकशे तीन मुलं झाली. त्यात मंगळूही होता. येत्या जूनमध्ये त्याला शाळेत घालायचं होतं.

"ह्यो पायाळू. लय दमवलं त्यानं," म्हातारी हसली. "पोरांना ज्याचा त्याचा दिस द्या बरं, बाई."

"देते," ताई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "निसारभाई, फ्लॉपीवर घेऊन ठेवू का?"

"कशाला ताई? मशीनमध्ये आहेच की. तुम्ही नावं तपासा, मग एकदमच छापू."

फेब्रुवारीत भागीबाई वारली.

एप्रिलमध्ये नवा संगणक आला. त्याची डिस्क चाळीस जीबीची, मी अवघ्या दोन जीबीची. "जुनीला साठवणीला ठेवू," म्हणत निसारभाईंनी मला तिच्या शेजारी जोडलं. भंगारात गेले नाही म्हणून मी सुखावले. पण मित्रांनो, दोन डिस्क एकत्र आल्या की तो संगणक आपल्या खोल्यांची नावं बदलत असे. नव्या डिस्कचा रिकामा भाग कालपर्यंत 'डी' होता, आज ते नाव मला मिळालं. निसारभाईंनी तोच रिकामा भाग समजून 'डी' साफ करायला घेतला. सगळं पुसायचं का, असं संगणकाने विचारलं. त्यांनी न वाचताच हो म्हटलं.

तरी सगळं गेलं नव्हतं. फाटली ती फक्त अनुक्रमणिका, पानं जागेवर होती. मी आत जीव तोडून करकरत होते, पण माझी करकर कुणाला कळणार? मी रिकामी दिसते म्हणून निसारभाई माझ्यावर लग्नांचे फोटो भरू लागले. कुणाची वरात, कुणाची पंगत, सगळी भागीबाईच्या तारखांवर येऊन बसली. मला फार भीती वाटत होती.

मेअखेरीस ताई यादी न्यायला आल्या. निसारभाईंनी शोधलं, पुन्हा शोधलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, माझ्या हातून घाण झाली."

ताईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भागीबाई असती तर पुन्हा विचारलं असतं हो."

निसारभाईंनी मला तसंच संगणकातून सोडवलं आणि नाशकातल्या एका कारागिराकडे नेलं. आठवड्याने छापील कागद हाती आला. चाळीस नावं तारखांसह सुखरूप होती. एकेचाळिसावं नाव मंगळूचं, आणि त्याच्यापुढे, तारखेच्या जागी, शेवटपर्यंत नुसते न वाचता येणारे चौकोन.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पुन्हा कामाला लावा, जरूर लावा. पण आधी तिच्यात काय आहे ते बघा, मोलाचं असेल ते दुसरीकडे उतरवून घ्या. माझ्यासारखीवर एवढा विश्वास टाकू नका.

पुढे ताई दुकानात आल्या तेव्हा त्यांनी शाळेतलं सांगितलं, ते मी या खणातून ऐकलं. मंगळूने डोक्यावरून हात नेला, कानाला लावला, आणि त्यांनी रजिस्टरात एक जून लिहिलं. तो खरा कधी जन्मला, हे तुम्ही मला विचाराल. एके काळी मला ते नक्की ठाऊक होतं.