रांजणाला लावलेला कान

सातुर्निनाने डोक्यावरची हॅट काढून नायदाच्या हातात दिली, वाकून रांजणाला कान लावला आणि डोळे मिटले. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. तिने नुसता हात उचलला, तशी नायदाने त्यांना हुसकावलं.

बराच वेळ गेला.

"मुकी आहे," सातुर्निना म्हणाली.

"तीन दिवस झाले, मावशी."

"म्हणूनच म्हणते. तीन दिवसांत मक्याची चिचा आंबून बोलायला लागते. फसफसते, कुरकुरते, आपल्याच नादात गुणगुणते. ही नुसती पडून आहे." तिने रांजणाच्या तोंडातून आत बोटं फिरवली. ती मध्येच थांबली. "आतून इतका खरखरीत कसा? काय केलंस याला?"

"धुतला."

"पाण्याने?"

नायदा हॅटचा काठ कुरवाळत राहिली. "साबणाने. आणि घासणीने. आत नुसती पुटं चढली होती हो."

"अगं बाई! तुझ्या आईचं तीस वर्षांचं विरजण होतं ते! मातीच्या अंगात मुरलेलं!" सातुर्निना आधी चिडली, मग तिला हसूच फुटलं. "लिमाला जाऊन हेच शिकलीस? तुझ्या हाती चर्च दिलं तर संताच्या मूर्तीचं नाकसुद्धा घासून काढशील."

नायदाही हसली, पण हसून भागणार नव्हतं. पेरणी सहा दिवसांवर आली होती. पेरणीला शेजारी येतात ते मजुरीसाठी नाही; आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या, आणि मध्ये मक्याची चिचा. पेरणी झाली की दारात काठी रोवून लाल पिशवी बांधायची, असं तिने ठरवलं होतं. लाल पिशवी फडफडली की वाटसरूला कळतं, इथे चिचा आहे. ती पिशवी टिकली तर गावात राहणं टिकलं. नाही तर लिमाच्या शिवणाच्या कारखान्यात नणंदेने तिचं मशीन महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवलंच होतं. नवऱ्याने, विल्बेरने, प्रवासाची मोठी बॅग अजून माळ्यावर टाकली नव्हती.

"अर्धा मका राखून ठेवलाय मी," नायदा म्हणाली. "मोड आणून, वाळवून. पुन्हा घालते."

"कशात?"

"तेलाची रिकामी बादली आहे, झाकणाची. आणि गाळायला पिठाचं पोतं."

"बादलीत चिचा!" सातुर्निनाने हॅट परत घेऊन डोक्यावर बसवली. "घाल. गरिबाच्या चिचेला भांडं लागत नाही, विरजण लागतं. ते मी देते."

सातुर्निनाचं घर भिंतीपलीकडेच होतं. दोन वर्षांमागे तिच्या दारची लाल पिशवी घाटाच्या वळणावरून दिसायची, आणि ट्रकवाले वळणावरच वेग कमी करायचे. मग एका हिवाळ्यात तिला ताप आला, आणि त्यानंतर ती काठी उतरली ती उतरलीच. गुडघे गेले, असं ती सांगे. त्याच गुडघ्यांनी ती रोज भिंत ओलांडून नायदाकडे येई, याचं नायदाला कधी नवल वाटलं नव्हतं.

शिकवायची तिची रीत उफराटी होती. स्वतः काही सांगायची नाही. मका मोडावर होता तेव्हा पानं बाजूला करून तिने मूठभर दाणे नायदाच्या नाकाशी धरले होते.

"कसला वास?"

"ओला."

"ओला वास नसतो, पोरी. ओलं पाणी असतं. नीट सांग."

"काकडी कापल्यासारखा."

"हं. उद्या?"

दुसऱ्या दिवशी नायदा आपणहून म्हणाली, "आज गोड आहे. कोवळ्या कणसाच्या दुधासारखा." सातुर्निनाने मान डोलावली आणि दाणे उन्हात पसरायला लावले. नायदाला वाटलं, परीक्षा घेणारी बाई आहे, आपण पास होतोय. तिचं नाक आणि तिचा धीर दोन्ही दिवसागणिक वाढत होते.

राखलेला मका दोघींनी डुलत्या दगडाखाली भरडला. दगडाच्या तालावर सातुर्निना गात होती:

*मक्या रे मक्या, कूस बदल,*
*ऊन आलं दारी, डोळे उघड;*
*तुझ्या कोंबाला सोन्याची धार,*
*तुझ्या घोटाला भरू दे पार.*

सकाळी चुलीवर मोठं पातेलं चढलं. दुपारपर्यंत पिवळं, घट्टसर पाणी रटरटू लागलं. घरातलं पाणी संपलं, तशी नायदाने कळशी उचलली.

"मावशी, नळावर जाऊन येते. करपल्याचा वास आला तर तेवढं ढवळा."

"जा गं. मी काय पळून चाललेय?" सातुर्निनाने चुलीशेजारी बूड टेकलं आणि चातीवर लोकर कातायला घेतली.

नळावर रांग होती. नायदा भरली कळशी घेऊन फाटकाशी आली, आणि तिथेच तिच्या नाकाला तो वास लागला. ती धावली. कळशी अर्धी सांडली.

सातुर्निना पातेल्यापासून दोन हातांवर बसली होती. चाती गरगरत होती. तिचा चेहरा शांत होता, उन्हात बसलेल्या माणसाचा असतो तसा.

नायदाने शालीच्या टोकाने धरून पातेलं खाली उतरवलं.

"का गं उतरवलंस?" सातुर्निनाने मान वर केली.

घरभर करपट वास कोंदला होता. नायदाच्या ओठांवर आलेला शब्द तिथेच थांबला. काकडी. कोवळं कणीस. *नीट सांग, पोरी.* तो ताप. उतरलेली काठी. ती एक क्षण सातुर्निनाच्या हातातल्या धाग्याकडे बघत राहिली. धागा कुठेही तुटला नव्हता.

"शिजलं, मावशी," ती म्हणाली. "झालं."

आता विचारायला कुणी नव्हतं. तिने तळ न हलवता वरचं पाणी वाटीने काढलं, हुंगलं, जिभेवर घोळवलं. गोड होतं. मागे किंचित धूर. तिने आणखी दोन वाट्या चाखल्या आणि ठरवलं, चालेल. वरचं सगळं पोत्यातून गाळून बादलीत ओतलं. तळाचं बोटभर काळं तिने परसात नेऊन पुरलं. पाणी हाताला कोमट लागू लागलं तेव्हा सातुर्निनाने आपल्या घरून आणलेलं विरजण त्यात सोडलं.

तिसऱ्या दिवशी सातुर्निनाने पुन्हा हॅट काढली. "प्लास्टिकला काय कान लावायचा," म्हणत तिने लावलाच. आणि तिच्या सुरकुत्या हलल्या.

"बोलतेय. फार घाईत आहे. आज हात लावू नकोस. उद्या ऊन डोक्यावर आलं की धीमी होईल, तेव्हा काढ."

नायदाने वाकून कान लावला. तिला नुसती सळसळ ऐकू आली. घाई वगैरे काही कळलं नाही.

पेरणीच्या दुपारी चिचा रानात आली. पहिला घोट मातीला. मग मोठा पेला औतवाल्या सिप्रियानोकडे गेला. त्याने बैल थांबवले, पेला एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या. बाकीचे नांगराशी थांबून त्याच्या तोंडाकडे बघत होते. विल्बेरही.

"तळाला लागली होती की काय?" सिप्रियानो म्हणाला.

सातुर्निना बियाण्याची टोपली घेऊन जवळच उभी होती. तिचा हात दाण्यांत तसाच राहिला.

"जराशी," नायदा म्हणाली.

"मग दर वेळी लागू दे. थंडीत चुलीजवळ बसल्यासारखं वाटतंय. भर अजून! विल्बेर, तुझी बायको परत गेली ना, तर हे बैल तुझ्या रानात येणार नाहीत, सांगून ठेवतो."

हशा झाला. पेले फिरू लागले. सातुर्निना बांधावर येऊन नायदाशेजारी बसली. दोघी उलटत जाणारी माती बघत होत्या.

"पाण्याला गेलीस तेव्हा?"

"हं."

"फार?"

"बोटभर."

सातुर्निनाने मान हलवली. घागऱ्याच्या खिशात हात घालून तिने घडी केलेली एक लाल पिशवी काढली, उन्हाने विटलेली, आणि नायदाच्या मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्बेर काठी रोवायला दाराशी खड्डा खणू लागला, तर नायदाने त्याला थांबवून दोन घरांमधल्या भिंतीपाशी नेलं.

"इथे? आपल्या दारात नको?"

"इथून दोन्हीकडची वाट दिसते."

काठी उभी राहिली. वाऱ्याने पिशवी फुगली. भिंतीपलीकडून सातुर्निनाचा आवाज आला, "काय वास सुटलाय गं आज?"

नायदाने हातातला दोर तसाच धरून खोल श्वास घेतला.

"काल नांगरलेलं रान आहे, मावशी," ती म्हणाली. "त्यात थोडे बैल. आणि तुमच्या चुलीवर दूध आहे ना? ते उतू जायला आलंय, उतरवा."