खडकाच्या उंचीवर

“पोरी, तुझ्या गॅलरीत घटकाभर बसू देतीस का?”

दारात भगवंतराव. तीन मजले चढून धाप लागलेली, एका हातात रंगांची पेटी, दुसऱ्यात कोरा कागद. माझ्या खांद्यावर लेक नुकती कुठं पेंगत होती. मी दार अर्धंच उघडलं होतं, ते तसंच धरून ठेवलं.

भगवंतराव समोरच्या बैठ्या घरात राहतात. सिकंदराबादला रेल्वेत चौतीस वर्षं पाट्या रंगवल्या. आम्ही पुण्याहून अंबरपेठेत आलो, लेकीचं बारसं झालं, तेव्हा त्यांनी एक चित्र दिलं होतं. एक उभी रेघ, तीन तिरप्या रेघा, खाली काळा अर्धगोल आणि त्याच्या माथ्यावर पांढरा ठिपका.

“उभी रेघ म्हणजे झाड. तिरप्या म्हणजे पाऊस. काळा तो खडक.”

“आणि पानं, काका?”

“डायवर पानं मोजत बसला तर गाडी कोण हाकणार? निशाणी दिसली, बास.”

ठिपक्याचं ते बोलले नाहीत. ते त्यांच्या बायकोनं, मालनबाईंनी सांगितलं, भाजीच्या गाड्यावर वांगी निवडता निवडता. त्यांचा मुलगा विकास अकरा वर्षांचा होता. अंगात पांढरा सदरा. संक्रांतीला पतंग घेऊन खडकावर चढला आणि पाय घसरला. पुढं सुरुंग लावून खडक फोडला, त्या जागी आमची बिल्डिंग झाली.

“तुमचा तिसरा मजला आन् खडकाचा माथा, उंची एकच बघा,” म्हणाल्या आणि वांगी पिशवीत टाकली.

त्या दिवसापासून गॅलरीच्या दाराला मी जाड पडदा लावलाय. घरात तान्हं लेकरू आहे.

“नक्को म्हणू नको बेटा,” भगवंतराव म्हणाले. “येकच बघायचंय. त्या वक्ताला मालन अंगणात मिरच्या वाळू घालत होती. वरून ती दिसत होती का नव्हती, येवढंच. दिसली असंल, तर पोरगं एकटं नव्हतं.”

“इतक्या वर्षांत कधी वर चढला नाहीत?”

“पाय उचलला न्हाई. मग खडकच गेला. तुमच्या आधी इथं होते, त्यांनी दार उघडलं न्हाई.”

लेक जागी झाली होती. त्यांच्या मिशीकडे टक लावून बघत होती. मी दार सोडलं.

पडदा सारला. स्टुलावर ते कठड्याला टेकून बसून राहिले. पेटी उघडलीच नाही. मी चहा ठेवला, त्यावर साय धरली. खाली त्यांच्या घराचं दार वाजलं. मालनबाई सूप घेऊन अंगणात आल्या, बाजेवर मिरच्या पसरू लागल्या. पिवळं लुगडं नेसल्या होत्या.

भगवंतराव कठड्यावरून पुढं वाकले.

“दिसती,” ते म्हणाले. मग डोळे बारीक करून, “हौ. पदराचा काठ बी दिसतो.”

मग पेटी उघडली. या वेळी झाड नाही, पाऊस नाही, खडकही नाही. सगळा कागद कोरा आणि अगदी तळाशी एक पिवळा ठिपका. तो वाळेपर्यंत ते बसले. गार चहा एका घोटात प्यायले आणि कागद छातीशी धरून एकेक पायरी उतरत गेले.

पडदा मी पुन्हा लावला नाही.

हल्ली मालनबाई मिरच्या पसरून झाल्या की कमरेवर हात ठेवून वर बघतात. मग हात हलवतात. कुणाला, ते मी विचारत नाही. लेकीला घेऊन कठड्यापासून दोन पावलं मागं उभी राहते आणि तिचा इवलासा हात धरून हलवते.