नवरात्रातल्या गोळ्या

गोजरबाईचं तोंड अंबडच्या बाजारात नावाजलेलं. भाजीवाल्याला गप्प करावं तर तिनंच! पण भाची मीनाला एक गोष्ट सांगायची म्हटली की तिची दातखीळ बसायची. भाऊ-भावजय एचआयव्हीनं गेले आणि पोरीलाही तो जन्मापासूनच. आत्यानं तिला पोटच्या लेकीसारखं वाढवलं. रोज जेवण झालं की हातावर गोळी ठेवायची आणि म्हणायची, "रक्त वाढायची हाय, गीळ." पोरगी तेरा वर्षांची झाली तरी तेच पालुपद.

आज जालन्याच्या सरकारी दवाखान्यात मात्र गाडी अडली. समुपदेशक अर्पिता मॅडमनी विचारलं, "रिपोर्ट बिघडलाय. गोळ्या चुकल्या का?"

"बिलकुल न्हाई! माझ्या हातानं देऊन राह्यले मी," गोजरबाई कडाडली.

मीना खाली मान घालून म्हणाली, "नवरात्रात न्हाई खाल्ल्या. गोळीत कशाचं पीठ असतंय कोणाला ठावं? उपास मोडला असता. आत्याची पाठ वळली की ओढणीत बांधायची."

अगं बाई! आणि हीच गोजरबाई गल्लीभर मिरवत होती, की माझ्या पोरीनं घट उठेपर्यंत कडक उपास धरला म्हणून.

मॅडमनी मीनाला पाणी आणायला धाडलं. "असंच चुकत राहिलं तर हे औषध लागू पडायचं नाही. आता खरं सांगा तिला, तुमच्याच तोंडून. मी आहे इथं."

"लेकरू खचंल, मॅडम. माझं तोंड बी बघायची न्हाई मंग."

पण मीना पाणी घेऊन आली तसं सांगितलं. आजाराचं नाव घेतलं. आई-बाप कशानं गेले तेही सांगितलं. अडखळली तिथं मॅडमनी सावरून घेतलं: गोळी रोज घेतली तर हा आजार दबून राहतो, शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं होतं.

मीना हमसाहमशी रडली. गोजरबाईनं जवळ घ्यायला हात पुढं केला, तर पोरीनं तो झिडकारला.

"उपास कशापायी केल्ता म्हाईत हाय? ह्या गोळ्या सुटू दे, म्हणून नवस केल्ता!" ती ओरडली. "आधी सांगितलं असतंस तर देवीला म्हणले असते, बाकी काय बी सोडते माय, गोळी सोडत न्हाई."