आतली नळी

टेबलावर कार्बनची एक सायकल-फ्रेम होती, चाकं नसलेली. खालची नळी मधोमध तुटलेली. तिचे सुटे सात तुकडे एका डब्यात. नाण्याने वाजवल्यावर बद्द आवाज देणाऱ्या तीन जागा, दुरुस्तीवालीने खडूने गोल केलेल्या. आणि शेजारी जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेली अ‍ॅल्युमिनियमची एक नळी, एकशे साठ मिलिमीटर लांब, आरशासारखी चकचकीत.

"ही मी केलीय, आतून बसवायला," टर्नर म्हणाला. "चौतीस वर्षं लेथवर होतो."

दुरुस्तीवालीने ती तुटलेल्या तोंडात सरकवून पाहिली. जराही न हलता बसली.

"इतकी घट्ट कशाला, काका? पळून जातेय का ती?"

"घट्ट बसली तर माल पास, ढिली बसली तर भंगार. आम्हाला तेच शिकवलं."

"इथं उलटं आहे. गोंदाला जागा पाहिजे. घट्ट नळी सरकवली की सगळा गोंद खरवडून बाहेर येतो. बाहेरून चार दशांश मिलिमीटर काढून आणा. आणि एकदा चिकटली की परत निघत नाही बरं का."

"चार? खुळखुळा होईल तिचा."

"होऊ दे खुळखुळा." तिने वही उघडली. "चालवणाऱ्याचं वजन? वरून किती थर द्यायचे ते ठरवते."

"त्रेपन्न." त्याने नळी काढून परत बनियनच्या तुकड्यात गुंडाळली. "होतं. लेक होती माझी. आता मी चालवणार. सत्तर लिहा."

तिने सत्तर लिहिलं. पेन तसंच धरून म्हणाली, "काका, भिंतीवर लावायची असेल तर नुसती जोडून रंग देते. दिसायला नवी होईल."

"तिच्या आईला ते नको. म्हणते, चालती होणार असेल तर घरात आण. नुसती टांगायची असेल तर देऊन टाक कुणालातरी, रोज तिच्याखालून ये-जा करायला मला जमणार नाही."

जुन्या कारखान्यात अजून ओळख होती. जेवणाच्या सुट्टीत त्याला लेथ मिळालं. एक दशांश काढल्यावर त्याने मशीन थांबवून नळी सोबत नेलेल्या फ्रेममध्ये घालून पाहिली. अलगद सरकत होती, पण हलत नव्हती. बोटांना बरोबर वाटत होती. अजून तीन काढायचे होते. त्याने हत्यार पुन्हा नळीला टेकवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि मागे घेऊन पुसून जागेवर ठेवलं.

"चार काढलेत ना?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"काढले की."

कॅलिपर तिच्या हाताशीच होता. पण चौतीस वर्षं मापं घेतलेल्या माणसाचं माप त्याच्याच समोर परत घ्यायचं तिला बरं वाटलं नाही. तिने गोंद लावून नळी सरकवली. कडेला गोंदाचं जाड कडं उमटलं.

"जरा जास्तच बाहेर आला," ती पुसत म्हणाली.

टर्नर त्या कड्याकडे बघत राहिला.

वरून कार्बनच्या कापडाचे पाच थर चढले. सुकायला आठवडा. त्या आठवड्यात लेकीच्या आईने दाराआडची खुर्ची हलवून तिथं सायकलला जागा केली. फरशी पुसून ठेवली.

आठव्या दिवशी फ्रेम दोन ओंडक्यांवर आडवी ठेवली होती. सांध्याखाली मोजणीचं घड्याळ, सांधा किती वाकला ते दाखवणारं, काटा शून्यावर. सांध्याला वजनं टांगायची, दहा मिनिटं थांबायचं, काढायची.

"वजन काढल्यावर काटा मिलिमीटरच्या पाच शतांशाच्या आत परत आला तर रस्त्यावर," दुरुस्तीवाली म्हणाली. "नाहीतर मी हो म्हणणार नाही. आणि तुम्ही चोरून चालवायची नाही."

"कबूल."

दहा मिनिटं झाली. ती खाली बसून एकेक वजन उतरवत होती. घड्याळाची तबकडी पलीकडे, त्याच्या बाजूला होती. तिला दिसत नव्हती.

"बघा काका, कितीवर आला?"

त्याने चष्मा लावला, वाकला. तबकडीच्या काचेवर नखाने हलकेच टिचकी मारली. काटा हलला नाही. अजून एकदा मारली.

"बावीस शतांश," तो म्हणाला.