कोचचे वजन

मित्रांनो, मी एक जुनी ढकलगाडी आहे. चाके नसलेली, लोखंडी. आमच्या अमेरिकेतल्या मिनेसोटातला फुटबॉल हाताने चेंडू धरून, खांद्याने धडका देत खेळायचा. कॉलेजच्या मुलांनी माझ्या पुढच्या गाद्यांना खांदे लावायचे, माझ्या पाठीवरच्या फळीवर कोचनी उभे राहायचे आणि मुलांनी आम्हा दोघांना गवतावरून रेटायचे. कोच हाच माझा भार.

एकतीस वर्षे हाल्वरसन कोच माझ्यावर उभे राहिले. चांगले जाडजूड! वर उभे राहून चर्चमधली भजने गायचे. सूर कुठल्या कुठे, पण भाव असा की माझे लोखंडसुद्धा डोलावे. जिंकलो की मुले माझ्या गाद्या थोपटून जायची. काय दिवस होते ते!

मग ते वर्ष आले. ओळीने आठ सामने हरलो. हंगाम संपला की कोचनी घरी बसावे, असे कॉलेजने कळवले. आणि गंमत बघा, सरावात मी मात्र दिवसेंदिवस सहज सरकू लागले.

"कोच, बघा की! गाडी नुसती पळतेय! ताकद वाढली आमची!"

"वाढली रे लेकांनो, वाढली," असे म्हणून कोच अंगातला कोट घट्ट आवळून घेत.

खरे मला एकटीला ठाऊक होते. मुलांची ताकद होती तेवढीच होती. कोच आतून झिजत होते. पण मला तोंड कुठे होते सांगायला?

एके दिवशी कोचचा पाय घसरला. कप्तान ओटोने त्यांना वरच्या वर झेलले आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच्या शेतावरचे वासरूसुद्धा याहून जड असेल. दुसऱ्या दिवशी माझ्या फळीवर वाळूच्या दोन गोण्या होत्या.

"हे काय रे?"

"तुमचं राहिलेलं वजन, कोच. तुम्ही बसा आणि फक्त गा."

त्या दिवसापासून मुले खरी घाम गाळू लागली. कोचना जाताना एक तरी विजय द्यायचा, एवढाच ध्यास.

शेवटचा सामना तीन गुणांनी गेला. ओटो हमसून रडला. "एक तरी जिंकून द्यायचा होता हो तुम्हाला!"

"अरे वेड्या, आज समोरच्यांच्या धडकांपुढे तुमची रांग पाऊलभरही मागे सरकली नाही. वर्षात पहिल्यांदाच! मला आणखी काय हवं?"

मग मुलांनी कोचना माझ्यावर बसवले आणि भुरभुरत्या बर्फातून तीन गल्ल्या रेटत घरी नेले. गोण्या कोणीही उतरवल्या नाहीत. कोच गात होते, मुले मागून ओढत होती सूर.

दारात कोचच्या पत्नी सोल्व्हेगबाई उभ्या. "अगंबाई, हे काय भंगार आणलंत?"

"कोणाला म्हणतेस? गाडीला की मला?"

वसंतात कोच देवाघरी गेले. मी त्यांच्याच अंगणात आहे. ओटो दर वर्षी येतो, गंज खरवडतो, तेल लावतो.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लोखंडाला तेवढे पुरते. माणसाला पुरत नाही. म्हणून एक मागणे आहे. कधी ओझे अचानक हलके लागले, तर आपल्या ताकदीचे कौतुक करण्याआधी वर उभ्या असलेल्या माणसाकडे एकदा बघा.