हे बरं, की हे?

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढले. दुकान भाच्याच्या हवाली करून घरी बसले, पण सवय काही सुटली नाही. एक काच काढायची, दुसरी लावायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे?" गिऱ्हाइकं संपली, मग उरले मी.

काचांच्या जागी आला स्ट्रीमर. इंटरनेटवरून गाणं घ्यायचं आणि ॲम्प्लिफायरच्या हाती द्यायचं, एवढंच त्या खोक्याचं काम. पण हमालालासुद्धा शिस्त हवी, असं ह्यांचं म्हणणं. आधी साधा स्ट्रीमर आला. त्याच्या फुटकळ अडॅप्टरमुळे आवाजात घाण मिसळते म्हणून विटेएवढा जड, वेगळा पॉवर सप्लाय आला. मग मनगटाएवढी जाड केबल. आणि आता मूळ खोकंच बदलून नवं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, ते काही खोटं नाही.

दर वेळी परीक्षेला मी. कारण मी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. पलीकडचा माणूस नुसता खाकरला तरी कोण ते मी सांगायचे. ऑफिसात माझं नावच 'कान' पडलं होतं. "कानाला विचारा," असं वरचे साहेबसुद्धा म्हणायचे.

आता खरं सांगते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठले, तर डावा कान गेलेला. सर्दी असेल म्हणून महिनाभर अंगावर काढलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, आता काही होणार नाही. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "मळ होता, काढला." ज्या नावावर जन्म काढला, ते कुणी सुखासुखी सोडतं का?

परीक्षेचं तर सोपंच होतं. नेहमी दुसरं चांगलं म्हणायचं. मधूनमधून 'मोकळा', 'स्वच्छ' असे शब्द पेरायचे. आणि "बाई कुठे उभी आहे?" असं विचारलं की "मधोमध" म्हणायचं. दोन्ही स्पीकर नीट जुळले की गाणारी बरोब्बर मध्ये उभी असल्यासारखी वाटते, हे ह्यांनीच मला शंभरदा ऐकवलं होतं. मला ती कायम उजव्या खांद्याशीच वाटायची. पण "मधोमध" म्हटलं की ह्यांचा चेहरा खुलायचा. कुणाचं काय बिघडत होतं?

त्या रविवारी दुपारी ह्यांनी मला खुर्चीत बसवलं. तिच्या पायांशी जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा आहेत. खुर्ची बोटभर हललेली चालत नाही.

"डोळे मीट," हे मागून म्हणाले.

एका बाईचं गाणं लागलं. थांबलं. काहीतरी खुडबुड झाली. पुन्हा लागलं.

"हे बरं, की हे?"

"दुसरं. किती मोकळा झाला हो आवाज!"

"बाई कुठे आहे?"

"मधोमध. दुसरीकडे कुठे जाईल?"

मी डोळे उघडले. हे डाव्या स्पीकरशी उभे होते, आणि त्याची वायर हातात.

"तक्ता पाठ करून येणारी गिऱ्हाइकं मी चाळीस वर्षं पकडली आहेत," हे म्हणाले. "एक डोळा झाकला की कळतं. मागच्या रविवारी ही वायर चुकून निसटली होती, तरी तू मधोमध म्हणालीस. आज मुद्दाम काढली. कधीपासून?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तशी मीच ओरडले. "बायकोची परीक्षा घेता? आणि तुम्हाला तरी कळतो का फरक?"

"नाही," हे म्हणाले. "पहिल्या खोक्यापासून नाही."

"मग कशाला आणत होतात एकेक?"

हे वायरीला पीळ देत राहिले. "जेवताना मी काही बोलायचो, तू ओ द्यायची नाहीस. रात्री पलंगावर बोलायचो, तू गप्प. वाटलं, दिवसभर घरात बसणाऱ्या नवऱ्याला कंटाळलीस. या खुर्चीत बसवून विचारलं की मात्र उत्तर द्यायचीस. नवं खोकं आलं की तासभर तरी बोलायचीस."

मी मनातल्या मनात घर फिरून आले. जेवणाच्या टेबलाशी ह्यांची जागा माझ्या डावीकडे. टीव्हीसमोर डावीकडे. पलंगावरही डावीकडेच. दोन वर्षं हा माणूस माझ्या मेलेल्या कानाशी बोलत होता. उत्तर आलं नाही म्हणून भांडला नाही, रुसला नाही, जाऊन नवं खोकं घेऊन आला. मला रडू फुटलं. माझं नाव राखायला मी ह्यांना भरल्या घरात एकटं पाडलं होतं, त्याची लाज वाटली.

"दोन वर्षं झाली," मी म्हटलं. "डावा पार गेलाय."

ह्यांनी मान हलवली आणि वायर जोडायला वाकले.

"राहू द्या ती. खुर्ची आणा तुमची."

हे टेबलाजवळची खुर्ची घेऊन आले. चिकटपट्टीच्या खुणांवर पाय पडला, तरी खाली बघितलं नाही. सवयीने खुर्ची माझ्या डाव्या हाताला ठेवली.

"इकडे, उजवीकडे," मी म्हटलं. "हा एकच चालू आहे. आणि दोन वर्षांत काय काय बोललात, ते पहिल्यापासून सांगा."