मोइनोकच्या मागे निघालेला वाडगा

मित्रांनो, मी बर्चच्या गाठीतून कोरलेला एक जुना वाडगा आहे. आज पालथा पडलो आहे म्हणून हसू नका. एके काळी पाहुण्यांना माझ्यातून कुमीस मिळत असे. घोडीच्या दुधाचे ते आंबट पेय पिऊन पाहुणे आधी माझी स्तुती करत आणि मग यजमानाची. माझ्या धन्याच्या, तुर्दाकुनच्या वडिलांनी मला एका हिवाळ्यात कोरले, मेंढीची चरबी चोळून चोळून तांबूस केले. आपला जन्म मानाच्या जागेसाठीच आहे, असे मला वाटे.

मग घरच्या एका लग्नात एक लठ्ठ व्याही माझ्यावर बसला. मला तडा गेला. लोकांनी विचारपूस केली, ती व्याह्याची! तुर्दाकुनने तड्यावर पत्र्याची पट्टी ठोकली आणि मला तंबूबाहेर, घोडे बांधायच्या खांबाशी ठेवले. कुत्र्याचा वाडगा झालो मी. बरेच दिवस रुसून होतो.

माझा रुसवा मोइनोकने काढला. मानेभोवती पांढरा पट्टा असलेले ते पिल्लू पहिल्याच दिवशी माझ्यातल्या हाडांच्या गरम शोरप्यात, त्या पातळ रश्श्यात, पडले आणि बाहेर निघायचे सोडून पीतच राहिले. पाहुण्यांची स्तुती तोंडदेखली होती. मोइनोक माझा तळ रोज चाटून लख्ख करी. पुढे तो वासराएवढा झाला. लांडग्याने त्याचा एक कान नेला, पण मेंढी त्याने नेऊ दिली नाही. त्या दिवशी तुर्दाकुनने स्वतःच्या वाट्याचे मांस माझ्यात टाकले आणि बायकोला सांगितले, "आज मला भूक नाही." माणूस ओळखायचा तर तो कुत्र्याच्या वाडग्यात काय टाकतो ते पाहावे. कोणी पाहत नसताना काय टाकतो, तेही.

मग तो शरद आला. मोइनोकचे मागचे पाय लटपटू लागले, एका डोळ्यावर सायीसारखा पडदा आला. त्यातच डोंगरावरच्या कुरणातून खाली गावी उतरायचे दिवस जवळ आले.

"बाबा, हा उतार त्याला झेपायचा नाही," तुर्दाकुनचा मुलगा एसेन म्हणाला. "ट्रकमध्ये घातला तर धक्क्यांनीच जीव जाईल. पलीकडच्या कुरणातल्या बंदूकवाल्याला बोलावू. क्षणात सुटेल बिचारा."

"तुझे गुडघे दुखायला लागले की तुझ्यासाठीही बोलावीन हं त्याला," म्हाताऱ्या तुर्दाकुनने ऐकवले. "मोइनोक आपल्या पायांनी वाडग्यापर्यंत येतोय तोवर बंदुकीचं नाव काढायचं नाही. नाही आला, तर बघू."

नियम ठरला. आणि नियम ठरला की माणसे काय करतात, ते मी जवळून पाहिले.

दुसऱ्या सकाळी मोइनोक थोडा दूर पडून राहिला, आला नाही. तुर्दाकुनची बायको, म्हातारी बातमा, धार काढायला निघाली होती. तिने इकडेतिकडे पाहिले आणि मला पायाने हळूच त्याच्याकडे ढकलले. तो प्यायला. "बघा, आला की नाही!" तिने तंबूत जाऊन जाहीर केले. मग एसेन. बंदुकीची गोष्ट काढणारा हाच! त्याने मला उचलून आणखी पुढे ठेवले आणि हात विजारीला पुसले. शेवटी नियम करणारा म्हातारा स्वतः आला. खोगिराचा हरवलेला पट्टा शोधतोय असे दाखवत, खोकत खोकत, त्यानेही मला सरकवले. प्रत्येक जण दुसऱ्यापासून चोरून! जन्मभर एका जागी बसलेला मी चालू लागलो होतो, आणि मला त्याचा अभिमानही वाटत होता.

एकट्या नुरझातने, एसेनच्या बायकोने, मला कधी सरकवले नाही. ती मला घासायची. सुनेने सासऱ्याला उलट बोलू नये, त्याचे नावही घेऊ नये, अशी इथली रीत. लेकी बोले सुने लागे, हे तुम्ही ऐकले असेल. नुरझात वाडग्याला बोलली आणि ते सासऱ्याला लागले.

म्हातारा खोगीर शिवत बसला होता. ती मोठ्याने म्हणाली, "काय रे वाडग्या, परवा खांबाशी होतास, काल त्या खडकाशी, आज इथे. कुणाच्या मागे धावतोयस? तो येत नाही म्हणून तुला पुढे ढकलतात. पण तो तरी एका जागी निजतो का? रोज थोडा वर सरकतो. तोंड कुठे असतं बघ त्याचं! अर्चाच्या झुडुपांकडे. निघालाय तो. आणि तू पुढ्यात जाऊन हाडाचा वास दाखवतोस. भिडस्त जनावर, नाही कसं म्हणेल?"

"सूनबाई, वाडग्याशी भांडतेस काय?" दारातून बातमाने विचारले.

"ऐकत नाही तो, सासूबाई."

"या घरातले सगळेच वाडगे तसले!"

म्हाताऱ्याची आरी थांबली होती. तो उठला. त्याने खांबाकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग वर अर्चाच्या हिरव्या पट्ट्याकडे. सगळे एका ओळीत होते.

"चांगला कुत्रा आपलं मरण दाखवत नाही, असं वडील म्हणायचे," तो पुटपुटला. "आणि आम्ही त्याला..."

तो येऊन माझ्याजवळ बसला. मोइनोकने केवळ त्याच्या मानाखातर जीभ एकदा माझ्या काठाला लावली. म्हाताऱ्याने त्याच्या उरलेल्या कानावर हात ठेवला. "पुरे झालं, मोइनोक. मेंढ्यांचं मी बघतो. जा आता." त्याने शोरपा गवतावर ओतला आणि मला पालथे घातले.

पालथ्या वाडग्याला दिसत नाही, पण ऐकू येते. नखे खड्यांवर घासत गेली. मग थांबली. त्याला परत यायला एक हाक पुरली असती.

"बाबा, मागोमाग जाऊ का?" एसेनचा आवाज आला.

"तोंड फिरव. आपण बघतोय तोवर तो वळून येईल."

कोणी हाक मारली नाही. नखे पुन्हा घासू लागली, चढावर, सावकाश. मग नुसता वारा राहिला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा एकटाच वर जाऊन आला. "दगड रचून रचून हात सोलवटलेत की!" बातमाचा आवाज आला.

मी इथेच आहे. दर उन्हाळ्यात माणसे वर येतात. म्हातारा मला उचलतो, आतला कोळी झटकतो आणि पुन्हा तसाच ठेवतो. मित्रांनो, तुमच्या दारी म्हातारे जनावर असेल, तर त्याचा वाडगा खुशाल जवळ न्या. पण भरण्याआधी एकदा मान वर करून बघा, त्याचे तोंड कुठे आहे.